पुस्तक ठेवायला किती, उचलायला किती

नारायण पेठेतल्या वाड्याचा पुनर्विकास ठरला आणि मालकांनी मे २०२५ अखेर तळमजल्यावरची खोली रिकामी करायला सांगितली. पंधरा बाय बाराची ती खोली अकरा वर्षं आमच्या प्रकाशनाचं गोदाम होती. भाडं सात हजार. पावसाळ्यात फरशीला ओल यायची, म्हणून आम्ही लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर जागा सोडून गठ्ठे रचायचो. तरी दर दोन-तीन वर्षांनी एखाद्या कोपऱ्यात वाळवी लागायचीच.

आमचं प्रकाशन लहान आहे. सतरा पुस्तकं, मुलांची, स्थानिक इतिहासाची आणि दोन शेतीवरची. संपादन, छपाईची धावपळ, हिशेब मी बघते, मुखपृष्ठं नवरा करतो. ऑर्डरींचं पॅकिंग रात्री जेवणं झाल्यावर जेवणाच्याच टेबलावर व्हायचं. सासूबाई खाकी कागद कापून द्यायच्या. दुसरी खोली शोधायला निघाले तेव्हा पेठेत त्याच मापाच्या जागेला चौदा हजार सांगत होते. मग विचार केला, साठवण आणि पाठवणी दोन्ही करून देणाऱ्या गोदामाचे दर तरी काढून बघू. तेव्हा वाटलं होतं, दोन फोन केले की काम होईल. प्रत्यक्षात अडीच महिने गेले.

पहिल्याच फोनवर समोरच्याने तीन प्रश्न विचारले. एकूण माल किती? महिन्याला ऑर्डरी किती? एका ऑर्डरीत सरासरी नग किती? मला एकाही प्रश्नाचं नेमकं उत्तर देता आलं नाही. माल "नऊ-दहा हजार प्रती" असं मी सांगितलं. शनिवार-रविवार बसून आम्ही तिघांनी मोजणी केली. छापखान्यातून येणारे पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे मोजायला सोपे. खरा वेळ सुट्ट्या प्रतींना आणि दुकानांतून परत आलेल्या मालाला लागला. आकडा निघाला ८,६४०. सरासरी प्रत २६० ग्रॅमची धरली तर सव्वादोन टन. आपण सव्वादोन टन कागद सांभाळत होतो हे मला त्या दिवशी कळलं.

ऑर्डरींचा हिशेब मागच्या वर्षभराच्या बिलांवरून काढला. महिन्याला सरासरी १८० ऑर्डरी, एका ऑर्डरीत १.६ प्रती. शिवाय दुकानदारांना जाणारी दहा-बारा खोकी आणि त्यांच्याकडून परतीच्या साठेक प्रती. आणखी एक गोष्ट केली आणि ती करून फार बरं झालं. आठवडाभर पॅकिंगचा वेळ घड्याळ लावून मोजला. प्रत शोधणं, पुसणं, बिल काढणं, गुंडाळणं, पत्ता चिकटवणं आणि टपाल किंवा कुरिअरच्या हवाली करणं, असा एका ऑर्डरीला सरासरी अकरा मिनिटांचा वेळ लागत होता. महिन्याचे ३३ तास. एवढे तास आम्ही कधी कुठल्या वहीत लिहिलेच नव्हते.

आता गोदामांकडे येते. पहिला दर भिवंडीचा आला, माणकोलीच्या बाजूचा. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि महामार्गाला लागून असल्यामुळे त्या पट्ट्यात गोदामं वाढली. २०१७ साली जीएसटी आला आणि जकात गेली, तरी तिथला पसारा वाढतच राहिला. जागा मी प्रत्यक्ष जाऊन पाहिली. तिसऱ्या मजल्याइतके उंच रॅक, ट्रकच्या पाठीला थेट लागणारे दरवाजे, सगळं टापटीप. ऑर्डरीचा दर फक्त सोळा रुपये. पण दरपत्रकाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, दरमहा किमान बिल चाळीस हजार. तिथल्या व्यवस्थापकांनी फार सौजन्याने सांगितलं, "मॅडम, तुमच्या कामाला ही जागा नाही. इथे दिवसाला हजार ऑर्डरी असतील तरच हा दर परवडतो." त्यांनी मला उगाच आशेवर ठेवलं नाही, याबद्दल मला त्यांचे आभारच मानावेसे वाटतात.

दुसरं गोदाम वाघोलीच्या बाजूचं, कपडे आणि सौंदर्यप्रसाधनं पाठवणारं. तिसरं उरुळी देवाचीच्या बाजूचं. तिथल्या मालकांनी आधी बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांच्या वितरणाचं काम केलेलं होतं. तिन्हीकडचे कागद समोर ठेवून तुलना करायला बसले आणि लक्षात आलं की तुलना करताच येत नाही. भिवंडीवाले साठवणीचे पैसे पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या चौकटीवर, घेत होते, वाघोलीवाले घनफुटावर, उरुळीवाले प्रतीवर. शिवाय आधी बघितलेल्या साध्या जागांचे दर चौरसफुटात.

सगळं एका मापात आणायला मी आमच्या डेमी आकाराच्या पुस्तकाचा आधार घेतला. साडेपाच बाय साडेआठ इंच, जाडी सरासरी बारा मिलिमीटर. अशा ८,६४० प्रतींचं निव्वळ आकारमान होतं सुमारे ११० घनफूट. पण पुस्तकं खोक्यात भरली, दर शीर्षकाचं खोकं वेगळं ठेवलं की रिकामी जागाही आपल्याच नावावर लागते, म्हणजे धरायचे दीडशे. वाघोलीचा दर घनफुटाला वीस रुपये, म्हणजे तीन हजार. पॅलेटच्या हिशेबात वजनाची मर्यादा आडवी येते. हजार बाय बाराशे मिलिमीटरच्या पॅलेटवर आमची पुस्तकं छातीपर्यंत रचली तरी एक टन होतो, त्यापुढे उंची शिल्लक असली तरी चढवता येत नाही. कपड्यांचा पॅलेट उंचीने भरतो, पुस्तकांचा वजनाने. सतरा शीर्षकं वेगवेगळी ठेवायची तर सहा पॅलेट, दर ५५०, म्हणजे ३,३००. उरुळीचा दर प्रतीला महिन्याला ३५ पैसे, म्हणजे ३,०२४. तिन्ही आकडे इतके जवळजवळ आले की मी हिशेब दोनदा तपासला.

म्हणजे फरक जागेत नव्हता. फरक होता तो पुस्तकाला हात किती वेळा लागतो यात. उरुळीच्या दरपत्रकावर हे सगळं उघड मांडलेलं होतं. माल आत घेताना मोजून खोक्यात भरायला प्रतीला एक रुपया. ऑर्डरीत पहिली प्रत काढून पॅक करायला २४ रुपये, पुढच्या प्रत्येक प्रतीला ५. पॅकिंगचं साहित्य लागेल तसं, साधारण नऊ रुपये. दुकानदाराचं खोकं ४० रुपये. परत आलेली प्रत तपासून, पुसून, पुन्हा जागेवर ठेवायला ५. किमान बिल आठ हजार. पुस्तक वर्षभर पडून राहिलं तर चार रुपये वीस पैसे. एकदा उचलून गुंडाळलं की चोवीस.

आमचा महिना त्या दरांत बसवला. साठवण ३,०२४, ऑर्डरी ४,८६०, साहित्य १,६२०, खोकी ४८०, परती ३००. एकूण १०,२८४. यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२,१३५ रुपये.

या जीएसटीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण दोन ठिकाणी मला अगदी सहज सांगण्यात आलं, "तो काय, तुम्हाला परत मिळेल." नाही मिळत. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. विक्रीवर करच नाही, त्यामुळे सेवेवर भरलेल्या कराची वजावट कशातून करणार? कपडे विकणाऱ्याला चोवीस रुपये म्हणजे चोवीसच पडतात, मला २८ रुपये ३२ पैसे. पुस्तकावर कर नाही म्हणून वाचकाला ते स्वस्त मिळतं, हे मला मनापासून योग्य वाटतं. पण प्रकाशकाने दरपत्रक वाचताना प्रत्येक आकड्यात अठरा टक्के मिळवूनच वाचावं. मी पहिल्या कच्च्या हिशेबात ते धरले नव्हते आणि अठराशे रुपयांनी चुकले होते.

आमचा तेव्हाचा खर्च किती होता? भाडं ७,०००, साहित्य १,५००, रिक्षा ६००, वीज आणि वाळवीचं औषध ४००. एकूण साडेनऊ हजार. म्हणजे गोदामाचा खर्च २,६३५ रुपयांनी जास्त. नवरा म्हणाला, महाग आहे. मी त्याच्यासमोर ३३ तासांचा कागद ठेवला. २,६३५ भागिले ३३, म्हणजे तासाला ८० रुपये. एवढ्या दरात मी, तो आणि त्र्याहत्तर वर्षांच्या सासूबाई रात्री अकरापर्यंत खाकी कागद दुमडत होतो. तो काही बोलला नाही. सासूबाईच म्हणाल्या, "मग त्या वेळात तू तुझी हस्तलिखितं वाच की गं." वाचायची राहिलेली हस्तलिखितं तेव्हा अकरा होती.

तरी लगेच करार केला नाही, कारण त्याच कागदाने दुसरी गोष्ट दाखवली होती. ८,६४० पैकी ४,१०० प्रती फक्त तीन पुस्तकांच्या होत्या. तिन्ही जुनी, सुरुवातीच्या उत्साहात दोन-दोन हजार छापलेली. तिन्ही मिळून वर्षाला दीडशे प्रती जातात. त्यांची साठवण करासह महिन्याला १,६९३ रुपये, वर्षाला वीस हजारांच्या वर. भागून बघितलं, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे १३५ रुपये नुसते ठेवण्याचे. त्यातल्या एका पुस्तकाची किंमतच १५० आहे. वाड्यातल्या खोलीत हे कधी दिसलं नसतं; तिथे भाडं खोलीचं होतं, प्रतीचं नव्हतं.

प्रत्येकी दीडशे प्रती ठेवायच्या आणि बाकीच्या काढायच्या असं ठरवलं. सांगायला सोपं आहे. त्यांतलं एक पुस्तक आमचं पहिलं, एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या तालुक्यातल्या बारवांवर आणि जुन्या बाजारपेठांवर लिहिलेलं. त्यासाठी ते चार वर्षं सायकलवर हिंडले होते. त्यांना फोन करायला मला आठ दिवस लागले. मी सगळे आकडे जसेच्या तसे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ताई, रद्दीत घालू नका. दोनशे मला पाठवा, मी शाळांना नेऊन देतो." आम्ही त्यांना दोनशे पाठवल्या. तिन्ही पुस्तकांच्या मिळून एकोणीसशे प्रती 'क' आणि 'ड' वर्गाच्या ग्रामीण ग्रंथालयांना वाहतूक खर्चात दिल्या. ग्रंथपालांची पत्रं आली. एकाने लिहिलं होतं की त्यांच्या गावच्या बारवेचा फोटो पान ६१ वर आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. काही प्रती निम्म्या किमतीत विकल्या. ओल लागून चिकटलेल्या प्रती मात्र लगद्यालाच द्याव्या लागल्या. तो टेम्पो गेला तेव्हा मी घरात थांबले, खाली उतरले नाही.

उरले ४,९९०. करार उरुळीच्या गोदामाशी केला. घासाघीस कुठे करायची हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. ऑर्डरीचा वर धरलेला २४ चा दर आधी २६ होता, तो मी खाली आणला आणि त्यातच समाधान मानलं. खरं म्हणजे परतीच्या पाच रुपयांवर आणि घटीच्या कलमावर जास्त बोलायला हवं होतं. घट म्हणजे वर्षात हरवलेला, फाटलेला माल. अर्ध्या टक्क्यापर्यंत त्यांची जबाबदारी नाही, असं कलम होतं. आमच्या मालावर पंचवीसेक प्रती. त्यापुढच्या घटीची भरपाई छापील किमतीने नव्हे, छपाईखर्चाने. हे मला रास्त वाटलं, पण प्रत्येक पुस्तकाचा छपाईखर्च करारातच लिहून घ्या असा मी आग्रह धरला आणि तो त्यांनी मान्य केला. आगीच्या विम्यात आमचा माल वेगळा दाखवला आहे का, हेही विचारून घेतलं. बिल थकलं तर माल अडवून ठेवण्याचा त्यांना हक्क आहे, हे कलमही होतं. ते वाचून दिवाळीच्या तोंडावर बिल कधीच थकवायचं नाही एवढं मनाशी पक्कं केलं.

पावसाच्या आधी माल हलवला. छोट्या हत्तीच्या दोन फेऱ्या, हमाली वेगळी. जूनचं बिल बघून मात्र धक्का बसला. आवकीचे ४,९९० अपेक्षित होते. त्याखाली २,५६० रुपयांची 'लेबलिंग' अशी ओळ होती. आमच्या पाच जुन्या पुस्तकांवर बारकोड नव्हता. गोदामात प्रत बारकोडशिवाय आत घेतच नाहीत, म्हणून १,२८० प्रतींवर दोन-दोन रुपयांचं स्टिकर लागलं. करारात 'आवश्यक ते लेबलिंग वेगळं' असं होतं. दर विचारायचा मी विसरले होते. हे स्टिकर आम्ही घरी बसून लावले असते तर कागदाचे दोन-तीनशे रुपये लागले असते. ज्यांच्याकडे जुना माल आहे त्यांनी हलवण्याआधी मागची मुखपृष्ठं जरूर तपासावीत.

बारकोडनेच दुसरा घोळ घातला. पुनर्मुद्रणाला बारकोडमधला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तोच राहतो, किंमत मात्र बदलते. आमच्या एका पुस्तकाच्या १८० रुपयांच्या जुन्या आणि २४० च्या नव्या प्रती गोदामाच्या यंत्राला एकच वाटल्या. नाशिकच्या एका वाचकाने २४० भरले आणि हातात १८० छापलेली प्रत आली. त्यांनी रागाने फोन केला, आणि त्यांचा राग बरोबर होता. साठ रुपये परत केले. आता प्रत्येक आवृत्तीला आमचा स्वतःचा क्रमांक असतो आणि जुनी प्रत संपल्याशिवाय नवी आत जात नाही.

जुलैपासून बिल स्थिरावलं. १६८ ऑर्डरी, करासकट १०,२४६ रुपये. एका ऑर्डरीला हाताळणी आणि साहित्य मिळून ४२ रुपये ४८ पैसे, टपाल वेगळं.

टपालावर मी फार वेळ घालवला आहे, तेवढा तो सार्थकी लागला. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याची नोंदणीकृत बुक पोस्टाची सोय बंद झाली तेव्हा आमच्यासारख्या सगळ्यांचीच पंचाईत झाली होती. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००, कर वेगळा. जमिनीवरून जातं, म्हणून दिवस जास्त लागतात, पण पाकिटाचा माग काढता येतो. गोदामवाल्यांचा सगळा रिवाज कुरिअरचा. टपाल कचेरीत माणूस पाठवायला ते तयार नव्हते. शेवटी पाकिटामागे तीन रुपये जादा ठरले, आणि आठवड्यातून तीन दिवस गठ्ठा जातो.

या ३०० ग्रॅमने आमची छपाईच बदलली. पुस्तक फर्म्यांत छापतात; फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापलेली सोळा पानं. डेमी आकाराचा, सत्तर जीएसएमच्या (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाच्या) कागदाचा फर्मा साधारण १७ ग्रॅमचा होतो. २५६ पानांचं, म्हणजे सोळा फर्म्यांचं पुस्तक मुखपृष्ठासह २९० ग्रॅम. २४ ग्रॅमचं हलकं पाकीट घातलं की ३१४. पंधरा फर्मे केले तर २९७. एका फर्म्यात पुस्तक खालच्या दरात येतं, तेही तीन ग्रॅम शिल्लक ठेवून. हे कळल्यावर मी छापखान्यात वजनकाटा मागवला. पाकिटही गोदामातलं जाड पन्हाळी पुठ्ठ्याचं होतं ते बदलून घेतलं. दोन आठवडे कोपरे दुमडल्याच्या तक्रारी आल्या, मग कोपऱ्यांना कागदाची घडी लावायला सुरुवात केली. ती तिथल्या पॅकिंग करणाऱ्या मावशींची कल्पना. त्यांनी आधी आंब्याच्या पेट्या भरायचं काम केलेलं आहे.

मुलांच्या दीडशे रुपयांच्या पुस्तकाचं गणित मात्र अजून अवघड आहे. एकच प्रत मागवली तर हाताळणी, साहित्य, टपाल करासकट ६५ च्या आसपास जातात. छपाई आणि लेखकाचं मानधन वजा केल्यावर वीस-बावीस रुपये उरतात. म्हणून एका प्रतीवर टपालखर्च घ्यायला लागलो आणि चार पुस्तकांचा संच केला. चार प्रतींची ऑर्डर भरायला ३९ रुपये लागतात, चार वेगळ्या ऑर्डरींना ९६ लागले असते. संच चांगला चालला, दिवाळीच्या सुट्टीत विशेष.

डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावरच्या पुणे पुस्तक महोत्सवाला सहाशे प्रती नेल्या, २४० परत आल्या. जाताना खोक्यांचे पैसे, येताना तपासणीचे बाराशे आणि वर कर. गोदामाकडे परत न पाठवता त्या घरीच ठेवाव्यात असं नवऱ्याचं मत होतं. मी नाही म्हटलं. घरात एकदा गठ्ठे आले की पॅकिंग पुन्हा टेबलावर येईल, हे मला पक्कं माहीत आहे. पुढच्या वर्षी नेतानाच कमी नेईन आणि संपलं तर मागवून घेईन. उरुळीहून टेम्पो तासा-दीड तासात येतो.

नवी पुस्तकं आता हजाराऐवजी साडेतीनशे छापतो. एका प्रतीचा छपाईखर्च वाढतो, पण ती दीड वर्षात संपते. गोदामात जायच्या आधी मी प्रत्येक पुस्तकाचा एक कागद करते. किती प्रती, किती महिने, किती वेळा हात लागणार. अकरापैकी सात हस्तलिखितं वाचून झाली. त्यातलं एक, कोकणातल्या मिठागरांवरचं, सध्या जुळणीला आहे. ते २५१ पानांवर जातंय, पंधरा फर्म्यांच्या २४० पानांच्या वर. कालच लेखिकेशी बोलले. परिशिष्टातली जमिनीच्या दस्तांची अकरा पानं कमी करायला त्या तयार नाहीत, आणि ती वाचल्यावर मलाही ती हवीशी वाटतात. आता छापखान्यात साठ जीएसएमच्या कागदाचा नमुना मागितला आहे. मागचा मजकूर पुढे उमटत नसेल, तर सोळा फर्मेही ३०० ग्रॅमच्या आत बसतील.